टेकम्से मुलांना शिकवताना

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी शॉनी जमातीचा सेनानी टेकम्से चौथी ते सातवीच्या मुलांना कसा शिकवावा, हा आजचा विषय. अमेरिकेत ओहायो-इंडियानाकडे राहणाऱ्या मराठी पालकांनाही याचा उपयोग होईल.

धडा लढाईपासून सुरू करू नका आणि पिसांचे टोप तर मुळीच करायला लावू नका. टोप झाला की मुलं आरोळ्या ठोकतात आणि माणूस बाजूलाच राहतो. सुरुवात जमिनीपासून करावी. टेकम्सेचं सगळं भांडण जमिनीचं होतं.

वर्गात फरशीवर खडूने साधारण तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद चौकट आखा. मधून इंडियानातली वॉबॅश नदी काढा. मुलांचे पाच जमातींचे पाच गट करा: मायामी, डेलावेअर, पोटावाटोमी, किकापू, शॉनी. प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाचा खडू. आपलं गाव, मक्याचं शेत, शिकारीचं रान त्यांनी स्वतः काढायचं. इथे लक्ष ठेवा. मुलं सवयीने गावाच्या शिवेसारख्या सरळ हद्दी पाडतात. तसं झालं तर खेळ फसला, कारण मग ज्याची जमीन त्याने विकली, यात चुकलं काय, असंच वाटतं. शिकारीची रानं एकमेकांवर चढली पाहिजेत. तीन-तीन रंग एकाच जागी दिसले पाहिजेत.

आता पहिल्या तीन गटांचे म्होरके बाजूला बोलवा, कागदावर खूण करून घ्या, गोळ्यांची पुडी द्या आणि चौकटीचा तिसरा हिस्सा ओल्या फडक्याने पुसून टाका. शॉनी गट ओरडतोच, ‘आमची रेघ का पुसली?’ तेव्हा सांगा: 1809 च्या फोर्ट वेनच्या तहात इंडियाना प्रदेशाचा अमेरिकन गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसनने सुमारे 30 लाख एकर जमीन अशीच घेतली. 1810 च्या ऑगस्टमध्ये व्हिन्सेन्सला टेकम्सेने त्याला तोंडावर सांगितलं की जमीन सर्व जमातींची सामाईक आहे, सगळ्यांच्या संमतीशिवाय कुणालाही ती विकता येणार नाही.

सह्या करणाऱ्यांना मुलं लगेच ‘फितूर’ म्हणतात. तेवढ्यावर सोडू नका. शिकार कमी होत चालली होती, व्यापाऱ्यांची उधारी चढली होती आणि दरवर्षी मिळणारी तहाची रक्कम हाच अनेकांचा आधार उरला होता.

पुढचा तास नकाशाचा. टिपेकनू आणि वॉबॅश या नद्यांच्या संगमाजवळचं प्रॉफेट्सटाउन, म्हणजे टेकम्से आणि त्याच्या भावाचं गाव, शोधा. तिथून आजच्या अलाबामातल्या टकाबाची या क्रीक जमातीच्या गावापर्यंत दोरा ताणायला लावा: सरळ रेषेतच सुमारे 900 किलोमीटर. 1811 मध्ये जमातींची एकजूट करायला तो दक्षिणेत गेला होता. चोक्टॉ जमातीचा पुढारी पुशमाताहाने नकार दिला. टेकम्से तिकडे असतानाच, 7 नोव्हेंबरला, हॅरिसनशी लढाई झाली आणि गाव जाळलं गेलं. इकडे भाऊ टेन्स्क्वाटावा होता. त्याला निव्वळ भोंदू ठरवू नका. गाव वसलं ते त्याच्या धर्मोपदेशावर.

आपल्या मुलांना इथे यशवंतराव होळकर आठवतील, आणि आठवावेतच. इंग्रजांविरुद्ध राजेरजवाड्यांना एकत्र आणू पाहणारे यशवंतराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले. मात्र टेकम्से अमेरिका आणि इंग्रज यांच्यातल्या 1812 च्या युद्धात इंग्रजांच्याच बाजूने लढला. ‘मग तो चुकला का?’ असं मुलं विचारतील. त्याची जमीन कोण घेत होतं, हे पुसलेल्या चौकटीकडे बोट दाखवून त्यांनाच विचारा.

त्या युद्धातली डेट्रॉइटची अमेरिकनांची शरणागती थोडक्यात आटपा. 1813 च्या मे महिन्यात फोर्ट मेग्सजवळ अमेरिकन कैद्यांची कत्तल त्याने थांबवली, तिथे मात्र रेंगाळा.

इंग्रजी लष्करी कोटातलं त्याचं प्रसिद्ध चित्र त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी छापलेलं आहे. दाखवलंत तर तसं सांगून दाखवा. अमेरिकेच्या अध्यक्षांना त्याने शाप दिल्याची दंतकथा सरळ गाळा. 5 ऑक्टोबर 1813 रोजी, आजच्या कॅनडात, थेम्स नदीकाठी तो पडला. कुणी मारलं याबद्दल दावे झाले, खात्रीचा पुरावा नाही.

फळ्यावर शेवटची तारीख 1813 ठेवलीत तर मुलं समजतात की शॉनी संपले. म्हणून त्याखाली ओक्लाहोमा लिहा. तिथे आज शॉनींच्या तीन मान्यताप्राप्त जमाती आहेत आणि प्रत्येकीचं स्वतःचं सरकार आहे.