खिडकीपाशी ओतलेलं पाणी

नमस्कार श्रोतेहो. ज्यांच्या घरी गोड्या पाण्याची टाकी वर्ष-दोन वर्षं नीट चालली आहे आणि आता खाऱ्या पाण्यात प्रवाळ ठेवावेसे वाटू लागलेत, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच घ्या. पाणी साधारण १९० लिटर मावतं. काच, दगड, स्टँड धरलं तर वजन अडीचशे किलोच्या वर जातं. म्हणून ती खोलीच्या मध्यावर नको, भक्कम भिंतीलगत ठेवा. चाळीतल्या लाकडी तुळयांच्या मजल्यावर तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ठेवूच नका. लहान टाकी सोपी पडेल असं वाटतं, पण तिचं पाणी भराभर बिघडतं आणि सावरायला वेळ मिळत नाही.

आता पाणी. समुद्र दारात आहे म्हणून गिरगाव चौपाटीवरून कॅन भरून आणू नका. त्यात सांडपाणी आहे, गाळ आहे. मत्स्यालयाचं तयार मीठ मिळतं, ते लिटरला साधारण ३६ ग्रॅम घाला आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या दुर्बिणीसारख्या साधनावर, विशिष्ट गुरुत्व १.०२५ आलं का पाहा. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणीसुद्धा तसंच चालत नाही, कारण चव यावी म्हणून बहुतेक यंत्रं त्यात थोडे क्षार परत मिसळतात. त्यापुढे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं जोडा आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, शून्य दिसेल तेव्हाच मीठ घाला. पुन्हा सांगते, आधी टीडीएस शून्य, मग मीठ.

आणि हे पाणी हललं पाहिजे. किती हललं पाहिजे, हे सांगताना मला नेहमी एका बाईंची आठवण काढावीशी वाटते. अ‍ॅना थिन त्यांचं नाव. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या एका धर्मगुरूंच्या पत्नी. १८४६ साली त्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की गावी गेल्या होत्या. तिथल्या खडकांवर त्यांना जिवंत प्रवाळ दिसले. थंड पाण्यात एकेकटे वाढणारे, छोट्या प्याल्यासारखे. बाईंनी ते दगडी बरणीत घालून थेट लंडनला आणले. तेव्हा ना पंप, ना वीज, आणि समुद्र कोसों दूर.

प्रवाळाला चहूबाजूंनी पाणी लागावं म्हणून त्यांनी काय केलं असेल? सुई-दोरा घेतला आणि ते प्रवाळ चक्क एका मोठ्या स्पंजवर शिवून टाकले! आज आपण दगड एकावर एक रचताना मधून पाणी खेळेल अशी फट ठेवतो, त्यामागे हाच विचार आहे. दगड काचेला टेकवून भिंतीसारखे रचले, तर मागे घाण साचते आणि तिथलं पाणी सडतं.

सुरुवातीला बाई एक दिवसाआड समुद्राचं पाणी बदलत. पण लंडनमध्ये रोज कोण आणून देणार? मग त्यांनी तेच पाणी पुन्हा वापरायचं ठरवलं. उघड्या खिडकीपाशी उभं राहायचं आणि एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं पहिल्यात ओतत राहायचं. आपल्याकडे चहा गार करताना उंचावरून ओततात ना, अगदी तसं. रोज अर्धा ते पाऊण तास. हे काम त्यांच्या मोलकरणीकडे होतं. त्या मुलीचं नाव कुठे नोंदलेलं मला आढळलं नाही, आणि ते मला मनापासून खटकतं. घरातलं पाणी भरणाऱ्या हातांची नावं आपणही लिहून ठेवत नाही.

पुढच्या वर्षी, १८४७ च्या वसंतात, बाईंनी किनाऱ्यावरून जिवंत शेवाळ चिकटलेले खडक मागवले आणि भांड्यात ठेवून उजेडात मांडले. ओतणं चालूच होतं. त्यांचे प्रवाळ जवळपास तीन वर्षं जगले. वनस्पती हवा शुद्ध करतात एवढं त्यांना ठाऊक होतं. पण त्या खडकांबरोबर दुसरंही काही घरात आलं होतं. खडकाच्या छिद्राछिद्रांत राहणारे, प्राण्यांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू. हे काम जीवाणू करतात, हे शास्त्रज्ञांच्या लक्षात यायला अजून तीस वर्षं होती. बाईंनी चुकतमाकत गाडी बरोबर रुळावर आणली होती.

आपण ओतत बसत नाही, दोन वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात प्रवाह निर्माण करणारे छोटे पंप, लावतो. दोन्ही मिळून तासाला टाकीच्या वीसपट तरी पाणी हलवतील असे, म्हणजे आपल्या टाकीला चार हजार लिटर. पृष्ठभाग थरथरला पाहिजे, कारण ऑक्सिजन तिथूनच आत येतो. खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी मावतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज सकाळी गेली आणि बऱ्याच भागांत काही तास आली नाही. असं झालं की बॅटरीवरचा एअर पंप लावा. तोही नसेल तर स्वच्छ मग घ्या, टाकीतलं पाणी वरून धार धरून टाकीतच ओता, दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन मिनिटं. बाईंची युक्ती पावणेदोनशे वर्षांनंतरही चालते.

बाकीचं भराभर सांगते. दगड-पाणी लावल्यावर चार ते सहा आठवडे, ते जीवाणू जमेपर्यंत, मासा घालायचा नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की क्लाऊनफिश या छोट्या समुद्री माशांची एक जोडी घाला, तीही समुद्रातून पकडलेली नको, हॅचरीत वाढवलेली. मधल्या काळात काचेवर तपकिरी थर येतो, घाबरून औषधं ओतू नका. तो आपोआप ओसरतो.

तापमान २५ ते २७ अंश ठेवा. २९ च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर प्रवाळ आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. हिवाळ्यात पृष्ठभागावर पंखा लावून दोन अंश उतरतात. पण जुलैत हवेतच इतकी ओल असते की पाणी उडत नाही आणि पंख्याचा उपयोग होत नाही. तेव्हा चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्रच लागतं. ते बंद कपाटात ठेवू नका, स्वतःच्या उष्णतेतच गुदमरतं. पंख्याने दिवसाला तीन-चार लिटर पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. उडतं ते पाणी, मीठ उडत नाही. नव्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

दगडी प्रवाळ आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत आहेत. ते उचलायचे नाहीत आणि विकतही घ्यायचे नाहीत. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. इतक्या गढूळ पाण्यात ते तग धरून होते. मुलांना ओहोटीच्या वेळी एकदा खडकांवर न्या, मॉलमध्ये नेण्यापेक्षा ते चांगलं. फक्त हात लावू देऊ नका. घरासाठी मऊ प्रवाळ घ्या, मशरूम किंवा लेदर नावाचे. झोअँथिड, म्हणजे झुपक्याने वाढणारे छोट्या फुलांसारखे जीव, घेतलेच, तर हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. झोअँथिड चिकटलेला दगड उकळायचा नाही, कोरड्या ब्रशने घासायचाही नाही, विष वाफेतून किंवा उडालेल्या कणांतून श्वासात जातं.

पहिला मशरूम तळाशी, मंद प्रवाहात ठेवा. दोन-तीन दिवस मिटून राहील, राहू द्या. आठवड्यानंतरही उघडला नाही तर जागा बदलण्याआधी खारटपणा मोजा, मग तापमान. नमस्कार.