विजयदुर्गाचे कागद तुमच्या दाराशी

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगांत बसलेल्या मुलांना वेगळा नमस्कार, कारण आज मी मुख्यतः त्यांच्याशीच बोलणार आहे.

मी देवगड तालुक्यातला. नोकरीची सगळी वर्षं तिथल्याच हायस्कुलात इतिहास शिकवण्यात गेली आणि आता इथे इंग्लंडात लेकीकडे आलो आहे. मुलांना इतिहासाची गोडी कशी लागेल यावर बोला, असं तुमच्या मंडळाच्या कार्यकारिणीनं सांगितलं. माझा अनुभव असा की, भाषणं देऊन गोडी लागत नाही. मुलाच्या हातात एक खरा प्रश्न पडला, ज्याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं नाही, की ते आपसूक कामाला लागतं. असे प्रश्न कोकणात पावलोपावली आहेत, आणि त्यांच्या उत्तरांचे निम्मेअधिक कागद, मुलांनो, तुम्ही राहता त्या देशात आहेत.

वेस्टमिन्स्टर ॲबीत ॲडमिरल चार्ल्स वॉटसन यांचं संगमरवरी स्मारक आहे. तुमच्यापैकी बरेच जण शाळेबरोबर तिथे जाऊन आले असतील. त्या स्मारकावर रोमन आकड्यांत कोरलं आहे, की घेरिया १३ फेब्रुवारी १७५६ रोजी जिंकलं. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. वाघोटणच्या खाडीत शिरलेलं इंग्रजांचं आरमार, तुळाजी आंग्र्यांची जळून गेलेली गलबतं, आणि त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूनं असलेलं नानासाहेब पेशव्यांचं सैन्य, एवढं सगळं त्या एका ओळीत दडलेलं आहे. वॉटसन आणि क्लाइव्ह हे दोघे तिथून पुढे मद्रासमार्गे बंगालमध्ये गेले आणि १७५७ साली प्लासी घडली. कोकणातल्या खाडीतून निघालेला धागा कुठवर जातो पाहा.

लंडनच्या आग्नेय भागात शूटर्स हिलवर झाडीमध्ये एक तिकोनी मनोरा आहे, सेव्हर्नड्रूग कॅसल. दापोली तालुक्यातल्या हर्णैसमोर पाण्यात उभा असलेला आपला सुवर्णदुर्ग इंग्रजांच्या तोंडी असा झाला. २ एप्रिल १७५५ रोजी कमोडोर विल्यम जेम्स यांनी तो किल्ला घेतला. पुढे १७८४ साली त्यांच्या पत्नीनं हा मनोरा बांधवला. दारावरची पाटी सावकाश वाचा. सुवर्णदुर्ग मलबारच्या किनाऱ्यावर आहे असं ती सांगते, कारण त्या काळी इंग्रज सगळ्या पश्चिम किनाऱ्यालाच मलबार म्हणायचे. किल्ला जेम्स यांच्या पराक्रमानं पडला असंही ती सांगते. पण त्या मोहिमेत पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव आपली माणसं घेऊन उतरले होते, त्यांचा पाटीवर उल्लेखच नाही. मग नेमकं कुणी काय केलं? ईस्ट इंडिया कंपनीचे कागद काय म्हणतात, पुण्याच्या दफ्तरातले मोडी कागद काय म्हणतात? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला वर्षभर पुरेल एवढं काम या एका पाटीत आहे.

आता एक गोष्ट जरा निवांत सांगतो, कारण ती माझ्या शाळेतली आहे. विजयदुर्गावर काही दगडी ओटे आहेत. गावात त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञानं इथे दुर्बीण लावली आणि हेलियम वायूचा शोध लागला, असं आमच्याकडे लहानथोर सगळे सांगतात. वर्तमानपत्रांतही तसंच छापून येतं. अठरा ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो.

आठवीची सहल घेऊन गेलो होतो. ओट्यांपाशी ही हकिकत सांगून झाल्यावर एका मुलीनं विचारलं, "सर, अठरा ऑगस्टाक आपल्याकडे सूर्य दिसता?" सगळी पोरं हसली. मी म्हटलं, हसू नका, हा प्रश्न वहीत लिहून घ्या. कोकणातला ऑगस्ट ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको: आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, कौलांवर शेवाळ चढतं, कपडे चुलीवर वाळवावे लागतात. अशा जागी, अशा महिन्यात, एखादा शास्त्रज्ञ समुद्रापलीकडून यंत्रं आणून मुद्दाम किनाऱ्यावर बसेल का? त्या वयात एवढा विचार करता येणं हीच इतिहासाची सुरुवात आहे. गावात काय सांगतात ते ऐकायचं, मग ते हवामानाशी ताडून पाहायचं, तारखेशी ताडायचं, कागदाशी ताडायचं.

पोरांनी ते ताडलं. विज्ञानाच्या बाईंनी मदत केली. निघालं ते असं. १८६८ च्या ग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून गेली हे खरं, पण त्या दिवशी ज्यांचं निरीक्षण गाजलं ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन आंध्रात गुंटूरला होते. लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होते. त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फोडल्यावर दिसणारा रंगांचा पट्टा, पाहिला. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबर १८६८ रोजी पोचली आणि फ्रान्सनं दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं. वर्णपटात दिसलेल्या एका पिवळ्या रेषेवरून सूर्यात एक अनोळखी मूलद्रव्य असल्याचा अंदाज बांधला गेला. तेच हेलियम. विल्यम रॅमसे यांना ते पृथ्वीवर सापडलं १८९५ साली.

मग विजयदुर्गाचं काय? लॉकियर विजयदुर्गाला नक्की आले होते, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. जानेवारी म्हणजे स्वच्छ आकाश. एकसष्ट वर्षांचा, जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ यंत्रं घेऊन आमच्या किल्ल्यावर तळ ठोकतो, युद्धनौकेवरच्या खलाशांना निरीक्षणाचं काम शिकवतो, आणि हे सगळं दोनेक मिनिटांच्या अंधारासाठी. ओट्यांचा मेळ या मुक्कामाशी बसतो. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते, हेही पोरांना तेव्हाच कळलं.

गावातल्या काही जाणत्या मंडळींना हे ऐकून वाईट वाटलं. मला ते समजतं. पण माझं ठाम मत आहे की किल्ल्याचं यात काहीही कमी झालं नाही. १८९८ ची खरी हकिकत ऐकीव हकिकतीपेक्षा भरगच्च आहे, आणि तिचे कागद शाबूत आहेत. कुठे? तुमच्याकडे! लॉकियर यांनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या 'नेचर' साप्ताहिकाचे जुने अंक इथल्या मोठ्या ग्रंथालयांत आहेत. त्यांचे कागदपत्र एक्सेटर विद्यापीठात आहेत. डेव्हनमध्ये सिडमथला त्यांच्या नावाची वेधशाळा आहे. देवगडच्या मुलीला प्रश्न सुचला, पण तिच्या हाताला हे कागद लागणं कठीण. तुमच्या हाताला ते लागू शकतात. लॉकियर यांच्या पेट्या पडावातून कुणी उतरवल्या, तळाला पाणी, मासळी, तांदूळ कुणी पुरवला, विजयदुर्ग-गिर्ये भागातल्या माणसांची नावं त्या कागदांत कुठे येतात का, हा प्रश्न तुमच्यापैकी कुणीतरी घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

स्पर्धांचं महत्त्व इथे येतं. स्पर्धा तारीख देते, शब्दमर्यादा देते, आणि अनोळखी परीक्षक तुमचं लिखाण लक्ष देऊन वाचतो. ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजचं ज्युलिया वुड पारितोषिक १९७१ पासून सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. दोन ते चार हजार शब्दांचा निबंध, आणि विषय तुम्ही निवडायचा. म्हणजे सुवर्णदुर्ग चालेल, कान्होजी आंग्र्यांचे दस्तक म्हणजे समुद्रावरचे परवाने चालतील. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचं रॉबसन पारितोषिक आणि पीटरहाउसचं व्हेलाकॉट पारितोषिक इथल्या 'इयर १२'च्या वर्गासाठी आहेत. तिथे प्रश्नांची यादी दिलेली असते, तीतून निवड करावी लागते. ज्यांना बोलायला आवडतं त्यांच्यासाठी हिस्टॉरिकल असोसिएशनची ग्रेट डिबेट ही वक्तृत्व स्पर्धा आहे. आणि शाळेत ईपीक्यू, म्हणजे स्वतः विषय निवडून करायचा मोठा प्रकल्प, करता येत असेल तर पाच हजार शब्दांच्या त्या प्रकल्पाला कोकणातला विषय घ्या. मार्गदर्शक शिक्षकांना विषय नवा असेल, तर त्यांना नकाशा दाखवून समजावून सांगा. बक्षीस मिळालं तर आनंदच आहे. नाही मिळालं तरी टिपणं, संदर्भ, नकाशे तुमच्यापाशीच राहतात आणि विद्यापीठाच्या मुलाखतीत त्यांच्याबद्दल तासभर बोलता येतं.

पालकांना एक विनंती. मे महिन्यात किंवा नाताळात गावी जाल तेव्हा मुलांना दोन दिवस तरी आजी-आजोबांच्या मागे मोकळं सोडा. राजापूर, रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळी पठारांवरची कातळशिल्पं आज युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, २०२२ पासून. ती उजेडात आली ती सड्यावर पायपीट करणाऱ्या, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरणाऱ्या हौशी संशोधकांमुळे. कशेळीचा हत्ती एकदा मुलाला दाखवा. जांभ्यात कोरलेला तो हत्ती इतका मोठा आहे की जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेषा दिसतात. त्याच्या पोटात इतर प्राणी आहेत, ते एकेक करून ओळखायला मुलांना फार आवडतं.

ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी मोडी शिकावी, हे मी जोर देऊन सांगतो. पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मोडीत आहेत, आणि ते वाचणाऱ्यांची फार गरज आहे. पुण्यात १९१० साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या पुढाकारानं स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज आहे. मोडी अक्षरं २०१४ पासून युनिकोडमध्येही आली आहेत, तेव्हा संगणकात रस असलेल्या मुलांनाही यात काम आहे. इंग्रजी कागद आणि मोडी कागद दोन्ही वाचू शकणारा विद्यार्थी कुठल्याही विद्यापीठाला हवाच असतो.

मंडळाच्या कार्यकारिणीशी बोलून एक गोष्ट ठरवली आहे. गणेशोत्सवात वेशभूषा आणि वक्तृत्व आहेच, ते राहू दे. त्याच्या जोडीला यंदा इतिहास-शोध स्पर्धा घेऊ. विषय कोकण किनाऱ्याचा. प्रत्येक प्रकल्पात निदान एक मूळ कागद, एक प्रत्यक्ष पाहिलेली जागा आणि घरातल्या किंवा गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाशी केलेलं बोलणं हवं. मराठीत लिहा किंवा इंग्रजीत, गुण सारखेच. जास्त गुण "हे मला कुठून कळलं" या भागाला. आईबाबांनी लिहून दिलेला प्रकल्प परीक्षकांना लगेच ओळखू येतो, तेव्हा पालकांनी गाडी चालवावी, डबा द्यावा, आणि लिहिणं मुलांवर सोडावं.

सुरुवात शूटर्स हिलपासून करू. मनोरा कधी उघडा असतो ते पाहून दिवस कळवू. सातवीच्या वरच्या मुलांनी आज जाण्याआधी बाहेरच्या टेबलावर नावं द्या, धाकटी भावंडं बरोबर आली तरी चालतील. येताना वही आणि पेन्सिल आणा. पाटीवरचा मजकूर फोनवर फोटो काढून नको, हातानं उतरवून घ्यायचा आहे.