जीआरईचं गणित: पानभर सिद्धता कोणी मागितलीय?

(कॅमेरा सुरू. मागे पांढरा बोर्ड, हातात मार्कर.)

नमस्कार मंडळी. मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय, त्याला इलाज नाही, रत्नागिरीत जुलै आहे. मी जरा मोठ्याने बोलते, तुम्ही इअरफोन लावा.

आज थेट प्रश्न सोडवायचेत, जीआरईच्या क्वांटचे, म्हणजे परदेशात पदवीनंतर शिकायला जाण्यासाठी देतात त्या परीक्षेतल्या गणिताच्या भागाचे. प्रश्न मी घरचेच केलेत, आपल्या इथले. परीक्षेत तेच साचे वेगळे कपडे घालून येतात.

आधी एक सांगते. आपल्या मुलांचं क्वांट गणित येत नाही म्हणून अडत नाही. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. आणि जीआरईत असतं काय? अंकगणित, बीजगणित, भूमिती, थोडी सांख्यिकी, थोडी संभाव्यता. त्रिकोणमिती नाही, कॅलक्युलस नाही. तरी इंजिनिअरिंग केलेली पोरं सराव परीक्षा देतात आणि म्हणतात, "ताई, सगळं येत होतं, वेळच पुरला नाही."

वेळ कुठे जातो ते मी त्यांच्या वह्यांत बघितलंय. पक्ष, साध्य, सिद्धता. प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण. बोर्डात हे बरोबरच होतं, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळायचे. जीआरईत तुमच्या पायऱ्या बघायला कोणी बसलेलं नाही. शेवटचं उत्तर बरोबर की चूक, एवढंच. चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

वेळेचा हिशोब असा: पहिला सेक्शन १२ प्रश्न, २१ मिनिटं. दुसरा १५ प्रश्न, २६ मिनिटं. म्हणजे प्रश्नाला साधारण पावणेदोन मिनिटं. पहिल्यात कसं केलंत त्यावर दुसरा सोपा की कठीण हे ठरतं. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आखूड झाली, त्यामुळे दादाताईंची जुनी पुस्तकं सरावाला घ्या, पण त्यातलं ३५ मिनिटांत २० प्रश्न हे वेळापत्रक विसरा.

आता पहिला साचा, तुलनेचा. एका बाजूला ए, दुसऱ्या बाजूला बी. पर्याय कायम तेच चार: ए मोठं, बी मोठं, दोन्ही समान, किंवा दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर बांगड्याचे दोन वाटे समोर असले की आपण काटा मागतो का? मोठा कुठला ते नजरेनं कळतं, उचलतो आणि निघतो. इथे तेवढंच करायचंय.

(बोर्डावर लिहीत)

प्रश्न. एक गाडी आंबा घाट ताशी २० किलोमीटरने चढते आणि त्याच रस्त्याने ताशी ३० ने उतरते. ए म्हणजे जाऊन-येऊन सरासरी वेग. बी म्हणजे ताशी २५ किलोमीटर.

इथे तीन प्रकारची मुलं दिसतात. पहिला म्हणतो, २० आणि ३० ची सरासरी २५, म्हणजे समान. गेला. दुसरा म्हणतो, घाटाची लांबी कुठे दिलीय, म्हणजे ठरवता येत नाही. तोही गेला. तिसरा हुशार. तो अंतर क्ष धरतो, क्ष भागिले २०, अधिक क्ष भागिले ३०, छेद समान करतो, क्ष उडवतो, २४ काढतो, दोन रेघा मारतो आणि बी लावतो. उत्तर बरोबर. पण दीड मिनिट गेलं.

आता बघा. चढताना आणि उतरताना अंतर एकच. मग जास्त वेळ कशात गेला? चढण्यात. जास्त वेळ गाडी २० ने चालली, कमी वेळ ३० ने. मग सरासरी २० कडे झुकणार, म्हणजे २५ च्या खाली. बी मोठं. झालं. नेमके २४ आले काय आणि २३ आले काय, आपल्याला कोणी विचारलंय?

विश्वास बसत नसेल तर अंतर ६० धरा. हो, घाट ६० किलोमीटरचा नाही, मला माहितीये, घाटाखालच्या साखरप्याचे लोक लगेच मेसेज करतील. ६० अशासाठी की २० आणि ३० दोन्हींनी भाग जातो. चढायला ३ तास, उतरायला २. एकशेवीस भागिले पाच, चोवीस. अंतर कितीही धरा, चोवीसच येणार. लांबी दिलेली नाही, कारण तिची गरजच नाही.

अशीच दुसरी फसवणूक भावाची. हापूसच्या पेटीचा भाव २० टक्क्यांनी उतरला, मग २० टक्क्यांनी चढला. ए शेवटचा भाव, बी मूळ भाव. शंभर धरा: शंभराचे ऐंशी, ऐंशीचे वीस टक्के सोळा, शहाण्णव. बी मोठं. आधी चढून मग उतरला असता तरी शहाण्णवच. बागायतदाराला हे गणित शिकवावं लागत नाही.

मग "ठरवता येत नाही" खरं कधी? ए म्हणजे क्षचा वर्ग, बी म्हणजे क्ष. क्षबद्दल काही सांगितलेलं नाही. दोन घाला: चार मोठे, म्हणजे ए. अर्धा घाला: पाव झाला, म्हणजे बी. दोन वेगळी उत्तरं मिळाली की चौथा पर्याय लावायचा आणि पुढे जायचं. तिसरी किंमत घालू नका. आपली मुलं २, ३, ४ घालून खूश होतात. शून्य, एक, अर्धा आणि एखादी ऋण संख्या, यांना विसरायचं नाही. आणि उलट बाजूनं: दोन्हीकडे नुसते आकडे असतील, क्षसारखी चल राशीच नसेल, तर चौथा पर्याय कधीच बरोबर नसतो. आकडे ठरलेले असतात, तुम्हाला ते काढायचा कंटाळा आला एवढंच.

एक झटपट. प्रमाण विचलन म्हणजे संख्या सरासरीपासून किती पसरल्यात त्याचं माप. १०, २०, ३० यांचं प्रमाण विचलन आणि ११०, १२०, १३० यांचं. कोणतं मोठं? समान. सगळ्या संख्यांत शंभर मिळवले, त्यांच्यातली अंतरं तीच राहिली. सूत्राला हात लावायचा नाही.

(बोर्ड पुसते.)

आता दुसरा साचा, जिथे पर्यायच नसतात. रिकामा चौकोन, उत्तर टाइप करायचं. यात चूक पकडायला कोणी नसतं, म्हणून इथे मी सावकाश जाते.

करबुडेचा बोगदा. उक्षी आणि भोके यांच्या मधला, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब, साडेसहा किलोमीटर. आपली गाडी ५०० मीटर लांब धरा, वेग ताशी ८४ किलोमीटर. म्हणजे मिनिटाला १.४. इंजिन बोगद्याच्या तोंडाशी आल्यापासून शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत किती मिनिटं?

चित्र काढा. हा बोगदा, ही गाडी. इंजिन पलीकडे बाहेर पडलं तेव्हा त्याचे साडेसहा किलोमीटर झाले. पण शेपूट अजून आत आहे. ती बाहेर यायला इंजिनाला आणखी अर्धा किलोमीटर जावं लागणार. एकूण सात. सात भागिले १.४, पाच मिनिटं.

त्याच चित्रावर प्रश्न बदलते. संपूर्ण गाडी बोगद्याच्या आत किती वेळ होती? आता सुरुवात शेवटचा डबा आत शिरला तेव्हा, आणि शेवट इंजिन बाहेर डोकावलं तेव्हा. साडेसहातून अर्धा वजा, सहा किलोमीटर. आणि तिसरा: खिडकीशी बसलेल्या तुम्हाला काळोख किती वेळ? तुम्ही एक बिंदू, तुमच्यासाठी साडेसहाच. एक गाडी, एक बोगदा, तीन उत्तरं. भागाकार तिघांत तोच, फरक फक्त अंतर कुठून कुठे मोजायचं याचा. पेन टेकवण्याआधीची वीस सेकंदं इथे घालवा.

उत्तर अपूर्णांकात मागितलं असेल तर संक्षिप्त रूप द्यायची सक्ती नाही. ६/८ टाकलं तरी ३/४ इतकंच बरोबर धरतात. बोर्डाच्या बाईंनी हे ऐकलं तर त्यांचा रक्तदाब वाढेल.

तिसरा साचा, एक किंवा जास्त उत्तरं निवडायची. म ही धन पूर्णांक संख्या, तिच्या वर्गाला ७२ ने भाग जातो. ६, १२, १८, २४ यांपैकी कोणत्या संख्यांनी ‘म’ या संख्येला नक्कीच भाग जातो?

७२ म्हणजे दोनचा तिसरा घात गुणिले तीनचा वर्ग. पण पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयवाचा घात सम असतो. तीन दोनचे कमी पडतात, चार हवेत. म्हणजे वर्ग कमीत कमी १४४, म कमीत कमी १२, आणि कायम बाराच्या पटीत. आता बाराला विचारा: सहाने भाग जातो? जातो. बाराने? जातो. अठरा, चोवीस? नाही. संपलं. ६ आणि १२. यात अर्धे मार्क नसतात, एक राहिलं तरी प्रश्न गेला.

स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो, चार क्रिया आणि वर्गमूळ. माझं मत, तो शेवटी उघडा. आज आपण एकदाही उघडला नाही.

आणि घरून परीक्षा देणाऱ्यांनो, साधा कागद चालत नाही. छोटा व्हाइटबोर्ड नाहीतर प्लॅस्टिकच्या पारदर्शक कव्हरात घातलेला एक कागद, आणि पुसता येणारा मार्कर. तेव्हा सरावही आजपासून त्याच्यावरच करा. जागा इवलीशी असते, त्यामुळे सिद्धता लिहायची खोड आपोआप मोडते. पावसाळ्यातली तारीख मात्र मी घेणार नाही. आमच्या इथे वारा सुटला की आधी लाईट जाते, मग नेट. त्यापेक्षा आदल्या दिवशी मुंबई किंवा पुणे गाठलेलं बरं.

शेवटचा तुम्हाला. गणपतीपुळ्याच्या एका स्टॉलवर कोकम सरबत ३० रुपये ग्लास, थालीपीठ ५० रुपये. बिल झालं बरोबर ४७०, दोन्ही किमान एकेक घेतलंय. ए म्हणजे सरबताचे ग्लास, बी म्हणजे थालीपिठं. चार पर्याय तेच. घड्याळ लावा, पावणेदोन मिनिटं. खाली पर्याय आणि एका ओळीत कारण लिहा. पानभर सिद्धतेचा फोटो पाठवलात तर मी उघडणार नाही.