लगदा कुळाचं जीवशास्त्र

नमस्कार श्रोतेहो. हाडं नाहीत, डोळे नाहीत, तोंडसुद्धा नाही. नुसता जिवंत मांसाचा गोळा सरपटत पुढे येतोय. भयकथांमधला हा राक्षस मला मनापासून आवडतो. आज त्याचं एक अख्खं कूळ कल्पून बघू. नाव ठेवू लगदा कूळ.

तोंड नाही तर खाणार कसं? हे सोपं आहे. ट्रायकोप्लॅक्स हा खराखुरा समुद्री प्राणी जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. 1883 साली त्याचं पहिलं वर्णन छापून आलं. तो अन्नावर पसरतो, खालून पाचकरस सोडतो आणि तिथल्या तिथे शोषून घेतो. लगद्याचंही तेवढ्यावर भागेल.

घोडं अडतं ते श्वासापाशी. पेशींमधून नुसता झिरपणारा ऑक्सिजन मिलिमीटरभरही आत पोचत नाही. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींना म्हणूनच 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या आत एखादी केशवाहिनी लागते. खोलीएवढा भरीव गोळा आतून कुजूनच जाईल. तेव्हा लगद्याला रक्तवाहिन्या हव्यात, आणि हृदयं हवीत, एक नव्हे, पुष्कळ.

याचा नमुना समुद्रात आहे. बॉट्रिलस हा जीव खडकांना, बोटींच्या तळाला चिकटून वसाहत करतो. वसाहतीतल्या प्रत्येक जीवाला स्वतःचं हृदय, पण रक्ताचं जाळं सगळ्यांचं एकच. ते हृदय काही वेळ एका दिशेनं रक्त ढकलतं, थांबतं, आणि मग उलट्या दिशेनं ढकलू लागतं!

पण खरी गंमत दोन वसाहती एकमेकींना भिडतात तेव्हा आहे. काठावरची वाहिन्यांची बोटं एकमेकांना चाचपतात. ओळख पटवणाऱ्या जनुकाची एक तरी प्रत दोघींत सारखी असली, तर वाहिन्या जुळतात आणि रक्त एक होतं. नसली, तर भिडल्या जागी पेशी मरतात, काळे डाग उमटतात. एकरूप होण्यातही धोका असतोच. एकीच्या मूलपेशी दुसरीत शिरून तिची प्रजननाची जागा बळकावू शकतात. मग शरीर तिचं, पिल्लं मात्र पाहुणीची.

माझ्या मते लगदा कुळाचा सगळा स्वभाव इथूनच ठरतो. माणूस हे त्याचं नुसतं भक्ष्य. भीती असेल ती सख्ख्या नातलगाची, कारण परक्याला तो काठावरच मरू घातलेल्या पेशींच्या भिंतीनं अडवतो, नातलगाला मात्र अडवता येत नाही. थोरला लगदा धाकट्याला सामावून घेतो, आणि पुढच्या पिढीत कुणाचा वंश वाढला हे बाहेरून कळत नाही. श्रोत्यांपैकी कुणी अशी गोष्ट लिहीत असेल, तर कृपा करून दोन लगदे समोरासमोर आणा आणि त्यांना एकमेकांना चाचपू द्या. माणसं पळाली नाहीत तरी चालेल.