आधी उसवायचं, मग कापायचं

श्रोतेहो, नमस्कार.

पौष लागला की आमच्या सोलापुरात घराघरांतली लोखंडी कपाटं उघडतात आणि तळाशी गेलेल्या बाराबंद्या, म्हणजे बंदांनी बांधायचे अंगरखे, वर येतात. सिद्धरामेश्वरांची यात्रा तोंडावर आलेली असते. मिरवणुकीतल्या उंच काठ्या म्हणजे ७ नंदीध्वज, ६८ लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा आणि रस्ताभर पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले पुरुष. बाहेरगावच्या पाहुण्यांना सगळ्यांनी नवे कपडे केलेत असं वाटतं. त्यातल्या कितीतरी बाराबंद्या दोन पिढ्या जुन्या असतात.

आमच्याकडची आजोबांची. ती वडिलांना आली, मग भावाला, आता भावाच्या मुलाला. हे जमलं, कारण बाराबंदीला बटण नाही आणि काज नाही. नुसते बंद. माणूस जाडा असो की किडकिडीत, बंद आवळायचे नाहीतर सैल सोडायचे. आतून बघाल तर काखेतलं कापड बदललेलं, बंद तर कितीदा नवे लावलेले. तरी ती आजोबांचीच. शर्टाचं असं होत नाही. शर्ट ज्याचा त्यालाच बसतो.

जुन्यातून नवं शिवण्याबद्दल मला बोलायला सांगितलंय, तर आधी हेच सांगते. जे अजून अंगावर चढतं त्याला कात्री लावू नका. धडधाकट पैठणीचे गाऊन आणि उशांचे अभ्रे करायची लाट आलीय, ती मला मुळीच पटत नाही. पैठणी नेसा, नाहीतर नेसणाऱ्या कुणाला तरी द्या. कात्री फक्त त्यालाच, जे आता कुणाच्याच उपयोगाचं उरलेलं नाही.

असं आमच्या घरात सगळ्यात जास्त काय निघालं असेल, तर आजीची इरकली लुगडी. आमचं कुलदैवत बदामीची बनशंकरी. सोलापूरहून होटगी, विजापूर, बागलकोट, बदामी असा गाडीचा रस्ता, तेव्हा मीटरगेजचा. आजी पौषातल्या जत्रेला जायची आणि परतताना गुळेदगुड्डचे खण नि एखादं इरकल घेऊनच यायची. दर्शन किती मिनिटांत झालं ते तिला आठवत नसे, पण कुठल्या साली कुठलं लुगडं घेतलं ते तोंडपाठ. हिरवं चिक्कीपरास काठाचं आत्याच्या लग्नाच्या आधीचं, काळं गोमी काठाचं माझ्या जन्मानंतरचं. आमच्या घराचा इतिहास असा काठांवरून लागतो.

तर असं एखादं नऊवारी बाहेर काढलंत, की ते दोघींनी दोन टोकांना धरून खिडकीच्या उजेडात ताणा. ९ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. सगळं सारखं झिजलेलं नसतं. बसायचा भाग आणि कासोट्याचा भाग चाळणीसारखा विरलेला असतो, उजेड आरपार येतो. मात्र निऱ्यांत दुमडून राहिलेला भाग बघा. तिथे ऊन लागलेलं नसतं, घासलेलं नसतं. दुकानातून आणलं त्या दिवशीचा रंग तिथे सापडतो. आमच्या काळ्या लुगड्याच्या निऱ्यांत इतका गर्द काळा निघाला की बाकीचं लुगडं त्याच्यापुढे राखाडी दिसायला लागलं. कुडत्याचं अंग तिथून काढायचं. विरलेला भाग टाकायचा नाही, तो वाकळीच्या पोटात जातो.

इरकलीची एक खुबी ठाऊक असू द्या. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा, पदराचा वेगळा. अंग सुती आणि पदर रेशमी, आणि दोन्हींचे धागे फासात फास अडकवून जोडलेले. विणकर त्याला कोंडी म्हणतात. तो सांधा बोटाला जेमतेम जाणवतो, पण कात्री त्याच्या अगदी कडेने गेली की फास सुटत जातात. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी चार बोटं कापड राखायचंच. मी तो लाल-पांढरा पदर पाठीवर घेते, म्हणजे सांधा खांद्याखाली आडवा येतो.

आता शिवलेल्या कपड्यांकडे वळू. इथे माझा हट्ट आहे. लोक जुना कपडा मिळाला की टिपेच्या कडेने कात्री चालवतात, पाच मिनिटांत काम मोकळं. तसं करू नका, उसवा. ब्लेडने नको, बारीक टोकाच्या कात्रीने चार-पाच टाके सोडून एकेक टाका तोडा आणि मग दोरा ओढा. संध्याकाळ जाईल, जाऊ द्या. एक तर दाबातलं, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं, दीड-दोन बोटं कापड वाचतं, आणि जुन्या मापावर नवं बसवताना तेवढ्यानेच निभावतं. दुसरं म्हणजे, घरातलं जे कुणी बोलून दाखवत नाही ते शिवणीत असतं. आत्याचा एक खणाचा परकर मी उसवला. खाली एकावर एक दाब घातलेले, मुलगी वाढेल तसा एकेक सोडायचा. दोन दाब सोडलेले होते, त्यांच्या फिक्या रेघा कापडावर तशाच. तिसरा शिवलेलाच राहिला होता. आत्याला दाखवला तर म्हणाली, "त्या वर्षी मला साडी नेसवली गं, आईने. शाळापण तेव्हाच सुटली." इतकी वर्षं ती घरात आहे, पण हे मी कधी विचारलं नव्हतं. तिसरा दाब मी तसाच ठेवला. त्या परकराचं पोरीसाठी जाकीट झालं, आणि दाब तिच्या पाठीवर आडव्या पट्टीसारखा दिसतो.

गाव चादरीचं, म्हणून चादरीबद्दलही सांगते. १८७०च्या दशकात इथे पहिली गिरणी निघाली, जुनी मिल म्हणून सगळे ओळखतात ती. पुढे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग मागांच्या खडखडाटाने भरून टाकला. आमच्याकडे पाहुणा कुठलाही असो, निघताना हातात चादर. प्रवासातही तीच, रेल्वेच्या बाकावर अंथरायला, बसमध्ये पायावर घ्यायला, धर्मशाळेत पांघरायला. अशी गावोगाव हिंडलेली चादर मधोमध विरते आणि कडांना शाबूत राहते. तिचा कोट छान होतो. चादर दोन्ही बाजूंनी विणलेली असते, एका अंगाला लाल जमिनीवर पांढरा मोर, तर उलट अंगाला पांढऱ्यावर लाल. म्हणून कॉलर आणि बाहीची मोहरी उलट बाजूने घ्या, वेगळं कापड लागत नाही. फक्त कापल्या कापल्या कडांना ओव्हरलॉक करा, नाहीतर संध्याकाळपर्यंत अर्धा कोट सुतासुताने जमिनीवर असेल. यंत्राला १६ किंवा १८ नंबरची सुई लावा, आणि समोरच्या दोन्ही भागांवर मोरांची तोंडं एका उंचीवर येतात ना, ते कापण्याआधी बघा. मोर खाली-वर झाले तर सोलापुरात लोक तोंडावर बोलतात.

थोडं ठेवणीबद्दल. खळ दिलेलं सुती कापड तसंच घडी करून ठेवू नका, खळीला कसर लागते. आधी साध्या पाण्यातून काढा. जरीच्या साडीजवळ डांबराच्या गोळ्या नकोत, मलमलीत गुंडाळून ठेवा. आणि वर्षातून एकदोनदा घड्या मोडून वेगळ्या जागी घाला. रेशीम चिरतं ते बहुतेक घडीवरच.

हे सगळं सुती-रेशमी कापडाचं झालं. वडिलांच्या सफारीपुढे मात्र माझं काही चाललं नाही. टेरिकॉटची, बिस्किटी रंगाची, त्यांच्या रजा प्रवास सवलतीतल्या रामेश्वरच्या सहलीसाठी शिवलेली. घरातल्या प्रत्येक सहलीच्या फोटोत ती आहे, माणसं बदलतात, सफारी तीच. पँटची मागची शिवण उसवली तर पोट वाढेल तशी ती कितीदा सैल केली त्याच्या रेघा सापडल्या. कापडाला मात्र ओरखडा नाही. फाटत नाही, विरत नाही आणि घालायला कुणी तयार नाही. घाम शोषत नाही म्हणून वाकळीतही चालेना.

शेवटी बाह्या काढल्या, खालचं तोंड शिवून टाकलं, पँटच्या पायाचे दोन पट्टे लावले आणि बाजाराची पिशवी केली. पुढचे चारही खिसे तसेच ठेवले. एकात सुट्टे पैसे, एकात यादी, एकात कढीपत्ता. परवा मंडईत भाजीवालीने पिशवी उलटसुलट करून बघितली नि म्हणाली, "काकू, पेन अडकवायला पण जागा हाय की ओ! सायबाची पिशवी दिसतीय."

नमस्कार.