वाणिज्य महाविद्यालयाने बाजारात उतरावे

मित्रहो, १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याचे नाव घेतले जाते. तोवर ही विद्या पेढीवर, दिवाणजीच्या हाताखाली मिळायची. म्हणजे बहुतेक वेळा ठरावीक जातींत आणि घराण्यांतच राहायची. १९१८ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचे तास ऐकायला दुसऱ्या महाविद्यालयांतली मुलेही येत. आणि त्याच ठिकाणी पिण्याच्या पाण्यावरून त्यांच्या बरोबरीच्या प्राध्यापकांनी हरकत घेतली! विद्येचे दार उघडले तरी आतली माणसे लगेच बदलत नाहीत. म्हणून मी आग्रहाने सांगतो, ज्या घरात कधी दुकान नव्हते त्या घरच्या मुलीला ताळेबंद वाचता आला पाहिजे. वाणिज्य शाखेचे पहिले काम हेच.

आज तालुक्या-तालुक्यात बी. कॉम. आहे. वर्ग मात्र ओस पडलेले. सीए करणारी मुले आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारीला, बाकीची क्लासला, आणि परीक्षेच्या तोंडावर सगळे गाइड घेऊन बसलेले. याचा दोष मी मुलांना देत नाही. बाहेर गेल्याशिवाय काही शिकायला मिळत नाही, हे त्यांना आपणच पटवून दिले आहे.

आता बाहेर काय आहे ते पाहा. पापड करणाऱ्या बचत गटाची वही उघडा. उडदाची डाळ, पापडखार, तेल, पिशव्या, सगळे पैशापैशाने मांडलेले असते. विक्री वजा खर्च, उरला तो नफा. पण लाटणाऱ्या बायकांची मजुरी? ती वहीत नसते. घरचा गॅस नसतो, बाजारला जायचे एसटीचे भाडे नसते. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीने शेजारी बसून ती मजुरी खर्चात धरली, की नफ्याचा आकडा खाली येतो, कधी तोटाच दिसतो. मग भाव काय लावायचा, याची चर्चा सुरू होते. कॉस्ट अकाउंटिंगचा याहून चांगला तास मला ठाऊक नाही. त्या मुलीला परिव्यय, म्हणजे माल तयार करायचा खरा खर्च, कळतो आणि गटाला आपल्या श्रमाची किंमत.

आपल्याकडे याची परंपरा आहे. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. विठ्ठलराव विखे पाटलांसारख्या शेतकऱ्याबरोबर ते उभे राहिले, तेव्हा प्राध्यापकाने कारखान्यात कशाला जायचे, असा प्रश्न त्यांना पडला नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे क्रेडिट, दिले, ही मोठी संधी आहे. पण बहुतेक ठिकाणी इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर, वर स्पायरल बाइंडिंग, आणि आत कुणाचा तरी शिक्का, एवढ्यावर ती भागवली जाते आहे. इथे बसलेल्या प्राचार्यांना माझी विनंती आहे: आठवड्यातली एक दुपार वेळापत्रकातच मोकळी ठेवा. त्या दुपारी बाजार समितीत, पतसंस्थेत, गटाच्या बैठकीत प्राध्यापकांनी स्वतः मुलांबरोबर जावे. गटाच्या वहीतले आकडे गटाला विचारूनच बाहेर आणावेत. आणि प्रकल्पाची एक प्रत, सोप्या मराठीत, त्या बायकांच्या हातात गेल्याशिवाय गुण देऊ नयेत.