काकूंच्या रक्तातला सातबारा

श्रोतेहो, नमस्कार. हृदय बदलल्यावर आपलंच रक्त त्या नव्या हृदयावर का उठतं, ते आज सांगायचंय. पण आधी काकूंची गोष्ट.

मालवणजवळच्या एका वाडीतल्या या काकू. चार बाळंतपणं झालेल्या. हृदयाचे स्नायू सैल पडले; धाप, पायांना सूज, रात्री आडवं होता येईना. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, हृदय बदलायला हवं, आणि इथंच राहा. का, तर काढलेलं हृदय साधारण चार तासांत दुसऱ्याच्या छातीत धडधडायला हवं. आपला महामार्ग बघता सल्ला रास्तच म्हणायचा! काकू भांडुपला बहिणीकडे राहिल्या. एक हृदय आलं. रक्तगट जुळला, वजन-उंची जुळली, पण प्रयोगशाळेने नकार कळवला. दुसरं आलं, पुन्हा नकार. काका वैतागले.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आपल्या पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात, अर्ध्या आईकडून, अर्ध्या बापाकडून. पोटातल्या बाळाच्या अंगावर काकांच्या खुणा. बाळाच्या काही पेशी काकूंच्या रक्तात मिसळल्या, आणि रक्ताने त्या परक्या मानून त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे परक्या खुणेला नेमकी चिकटणारी प्रथिनं, बनवल्या. आता काकांसारख्या खुणांचं हृदय काकूंना चालायचं नाही.

काका म्हणाले, "म्हणजे दोष माझोच काय?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "मिया सगळा विसारलंय, पण माझा रगात विसारूक नाय!"

बाहेरच्या बाकांवरचे पेशंटही हसले म्हणे.

तर या अँटिबॉडी बनवतं कोण? बी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्यांच्यापासून प्लाझ्मा पेशी तयार होतात, त्या हाडांच्या मगजात वर्षानुवर्षं तळ ठोकून बसतात. बांधाचं भांडण माणसं विसरतील, सातबारा विसरत नाही, तसंच हे. पुन्हा सांगतो: बी पेशी, मग प्लाझ्मा पेशी, मग अँटिबॉडी. बाळंतपणाने होतं तसंच हे बाहेरून रक्त चढवल्यानेही होऊ शकतं. अँटिबॉडी नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना आतून चिकटतात, तिथं सूज येते, पंप मंदावतो. आधीच भरपूर असतील तर काही तासांतही. शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून ठरलेल्या गोळ्या असतात, पण त्यांचा मुख्य रोख टी पेशींवर, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या दुसऱ्या प्रकारावर असतो. बी पेशींवरचं रिटुक्सिमॅब नावाचं औषध आहे, पण प्लाझ्मा पेशींवर त्याचं लक्ष्यच नसतं, म्हणून त्या निसटतात. मग यंत्राने रक्तातल्या अँटिबॉडी गाळून काढाव्या लागतात.

जाता जाता, केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ सालीच हृदय बदललं होतं, जगातल्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या काही महिन्यांत. रुग्ण काही तासच जगला. तरी हे नाव आपल्या पोरांना क्रिकेटवाल्यांइतकं पाठ हवं, असं माझं मत.

काकूंना शेवटी जुळणारं हृदय मिळालं. तपासण्या मात्र सुटत नाहीत. बदललेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, त्यामुळे आत बिघाड झाला तरी छातीत दुखेलच असं नाही. बरं वाटतंय म्हणून गोळी चुकवायची नाही. पुन्हा सांगतो, चुकवायची नाही! आणि पपनस बंद, कारण त्याने टॅक्रोलिमस या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. परड्यातलं झाड यंदा लगडलंय, आणि काका एकटेच सोलून खातायत.